देवासचा गोपाळ

गौरीची इंदूरची बस उज्जैनच्या नानाखेडा स्टँडमधून बाहेर पडली, समोरच्या वळणाला दिसेनाशी झाली, तरी सुलू कडेला उभीच होती. घाईनं परतावं असं घरात काही उरलं नव्हतं. लेक आठवडाभर राहिली, बापाचे कपडे वाटून टाकले, फ्रीगंजातल्या चष्म्याच्या दुकानाला भाडेकरू बघितला आणि पुण्याला निघाली. स्टँडवरच्या गर्दीत उभं राहिलं की एक बरं असतं. आपण कशाची तरी वाट बघतोय असं लोकांना वाटतं, आणि थोड्या वेळानं आपल्यालाही. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. “दीदी, आप सुलू दीदी हैं ना? माधव नगरवाली?” तिशीतली, गोल चेहऱ्याची एक मुलगी हसत उभी होती. चेहरा सुलूच्या ओळखीचा होता, पण चेहऱ्याखालचं बाकी सगळं अनोळखी होतं. ती एवढी ठेंगणी असेल, चालताना एक पाय किंचित ओढत असेल, हे सुलूला माहीत असायचं कारण नव्हतं. मग तिला कळलं. ही निहारिका. टॅरोच्या क्लासमधली, दर रविवारी मोबाइलच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात दिसणारी. उज्जैनचीच होती, पण भेट कधी झाली नव्हती. क्लास का सोडला म्हणून निहारिकानं तिला लटकं रागावून घेतलं, रजनी मॅडम तुमची आठवण काढतात म्हणाली, आणि मग घरच्या माणसाची करावी तशी सहज चौकशी केली, “और बताइए, गोपालजी कैसे हैं अब?”

तिचा नवरा शैलेंद्र श्रावणात गेला. तेव्हापासून जो तो त्याच्याबद्दल भूतकाळातच विचारत होता. काय वय होतं, कधीपासून त्रास होता, शेवटी बोलत होते का. कसे आहेत, असं कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं. आता कुणीतरी विचारलं होतं, नाव वेगळं होतं इतकंच. जिना उतरताना अंधारात एक पायरी जास्त निघावी तसं झालं, आणि सुलूनं काही ठरवायच्या आत तिच्या तोंडून उत्तर गेलं. “ठीक हैं. अब ठीक हैं.” बोलल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच तिला भीती वाटली.

गोपाळ नावाचा माणूस कधीच कुठं नव्हता. मागच्या हिवाळ्यात, गौरीचं लग्न होऊन घर अंगावर यायला लागल्यावर, सुलूनं हा क्लास लावला होता. शैलेंद्र तेव्हा हसला होता. “अगं, या गावात गल्लीगल्लीत ज्योतिषी बसलेत, आणि तू इथं राहून विलायती पत्ते शिकणार.” पण पत्त्यांचा जोड त्यानंच मागवून दिला. इंदूरच्या रजनी मॅडमचा पहिलाच नियम असा होता की सरावासाठी घरच्या कुणाचे पत्ते काढायचे नाहीत. “घरवालों के पत्ते हम पढ़ते नहीं, अपना डर पढ़ते हैं,” असं त्या म्हणायच्या. सरावासाठी माणसं मनानं रचायची. नाव द्यायचं, वय द्यायचं, धंदा द्यायचा, एक काळजी द्यायची, आणि त्या काळजीवर पत्ते मांडून वाचायचे. मग ते वाचन सगळ्यांपुढं ठेवायचं. सुलूला पत्त्यांचे अर्थ भराभर पाठ झाले, माणसं मात्र जमेनात. तिच्या बायका सगळ्या चाळिशीच्या आणि परेशान, पुरुष सगळे नोकरी बदलू का म्हणून विचारणारे. देवासचा गोपाळ, वय सत्तावन्न, टायरचं दुकान, मुलगा दुबईला, हाही तसाच निर्जीव निघाला असता. पण त्या संध्याकाळी शैलेंद्र दुकानातून लवकर आला होता. डायनिंग टेबलावर तिच्यासमोर चहा घेत बसला होता. म्हणाला, “टायरवाला इतका सोचत बसत नाही. त्याला छापखाना दे. लग्नाच्या पत्रिका छापतो असं लिही.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि नोकरीबिकरीचं राहू दे. त्याला गिळायला तकलीफ होते, असं घाल.”

तिनं घातलं. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बसणारा चष्मेवाला नवरा, त्याला माणसं कळतात, असंच तिला वाटलं. गोपाळ खरोखर जिवंत झाला. घास छातीशी अडतो, वर पाणी प्यायलं की उतरतो. बायकोच्या लक्षात येऊ नये म्हणून तो जेवताना बातम्या लावून ठेवतो. डॉक्टरनं दुर्बिणीची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय, आणि तो आज जाऊ उद्या जाऊ करतोय. “तपासणी करावी का, एवढंच विचारतोय तुझा गोपाळ,” शैलेंद्र म्हणाला होता. सुलूनं तीन पत्ते काढले. एका पायानं झाडाला उलटा टांगलेला माणूस. मग चार तलवारींचा पत्ता, त्यात एक जण हात जोडून पडलेला. शेवटी तारा, त्याखाली पाणी ओतणारी बाई. नव्या शिकाऊ माणसाला पत्ते असे एका ओळीत बोलायला लागले की जो आनंद होतो तो तिला झाला. तिनं घडाघडा वाचलं. थांब म्हणतायत, घाई नको म्हणतायत, थोडी विश्रांती घे, आणि तारा आहे शेवटी, म्हणजे बरं होणार. शैलेंद्रनं तिच्या हातातून तो ताऱ्याचा पत्ता घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरून पाहिला. “नशीबवान आहे लेकाचा,” म्हणाला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. टेबलावर तिळाच्या वड्यांचा डबा होता आणि त्यानं एकही वडी खाल्ली नव्हती, हे तिला आता, स्टँडवर निहारिकाशी हसून बोलताना आठवलं. का तेव्हाच दिसलं होतं?

“दीदी, चलिए ना साथ में, मुझे भी फ्रीगंज ही जाना है,” म्हणत निहारिकानं ई-रिक्षा थांबवली. दोघी शेजारी बसल्या. निहारिका बोलत होती. तिनं आता तिथल्या टॉवरजवळ पत्ते बघायला एक खोली घेतली होती, लोक येत होते, फोनवरून वेळ ठरवत होते. सासू आधी नाकं मुरडायची, आता शेजारणींना स्वतःच सांगते. सुलू मान हलवत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नव्या हॉटेलांची कामं चालली होती, यात्रेकरूंच्या गाड्यांनी रिक्षा पुन्हा पुन्हा अडत होती, थंडीतलं कोवळं ऊन गुडघ्यांवर येऊन बसलं होतं. गोपाळ ठीक आहे. देवासला त्याच्या छापखान्यात बसलाय. लग्नाचा मोसम आहे, काम खूप असेल. त्याची बायको दुपारी डबा पाठवत असेल आणि तो पोळीचा घास मोडून, वर मूठभर शेव घालून कुरकुर आवाज करत खात असेल. शैलेंद्रला शेवेशिवाय जेवण जात नसे. वरणावर शेव, पोह्यांवर शेव, श्रीखंडाच्या ताटातसुद्धा कडेला शेव. आपल्या आजोबांपासूनचे लोक मराठी फक्त बोलण्यात राहिले, जिभेनं कधीच माळव्यातले झाले, असं तो म्हणायचा. फाल्गुनात कधीतरी तो शेव वरणात भिजवून ठेवायला लागला. अगदी लगदा होईपर्यंत. दात दुखतायत, म्हणाला. ती म्हणाली, दाखवून या.

क्लासमध्ये गोपाळ सगळ्यांचा लाडका झाला होता. बाकीच्यांच्या माणसांना एक प्रश्न असायचा आणि तो सुटला की ती माणसं मरायची. गोपाळचा प्रश्न पुढं सरकत होता. रविवार जवळ आला की शैलेंद्रच विचारायचा, “मग, काय म्हणतात तुझ्या बायका? गोपाळचं काय करायचं?” गोपाळनं शेवटी तपासणी करून घेतली, हेही त्यानंच सांगितलं. अहवाल चांगला नाही, हेही. सांगताना तो पेपर वाचत होता. रंगपंचमीच्या आधीच्या रविवारी क्लासपुढं प्रश्न होता, गोपाळनं बायकोला सांगावं का. त्या दिवशी पत्ते काढायची पाळी निहारिकाची होती. सुलू मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसली होती. शैलेंद्र समोरच्या खुर्चीत, पडद्यावर दिसणार नाही असा, कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बारीक पेचकसानं घट्ट करत होता. निहारिकानं पत्ता उलटला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, हात मागं बांधलेले, भोवती आठ तलवारी रोवलेल्या. “ये वाइफ का कार्ड है,” निहारिका म्हणाली, “बहुत कमजोर है. इनसे सहन नहीं होगा. मत बताइए गोपालजी, पहले खुद संभलिए.” चौकोनाचौकोनातल्या माना हलल्या. रजनी मॅडम वा म्हणाल्या.

सुलूनं मान वर केली तर शैलेंद्र तिच्याकडं बघत होता. ही त्याची नजर तिनं दुकानात हजारदा पाहिली होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवून, तीत एक काच घालून, काढून, दुसरी घालून तो असा बघायचा. आता स्पष्ट दिसतं का? ही बरी की आधीची? आणि उत्तराची अजिबात घाई न करता थांबायचा. “तुला काय वाटतं,” त्यानं विचारलं, “सांगावं त्यानं?” पडद्यावर कुणीतरी बोलत होतं. तांब्याच्या कडेवरून एक थेंब ओघळत खाली आला. सुलूला सगळं दिसलं. भिजवलेली शेव, न खाल्लेली वडी, कमरेला दोन भोकं आत गेलेला पट्टा, इंदूरला माल बघायला म्हणून दोनदा जाऊन रिकाम्या हातानं आलेला हा माणूस. सगळं एकदम, लख्ख, काच बसल्यावर भिंतीवरची सगळ्यात खालची बारीक ओळ दिसावी तसं. आणि तिनं नजर पडद्याकडं वळवली. म्हणाली, “पत्ता तर नको म्हणतोय.”

“हं,” शैलेंद्र म्हणाला. “मग नको.” आणि पेचकस उचलला.

मला माहीत नव्हतं, असं ती नंतर सगळ्यांना म्हणाली. गौरीला, भावाला, आलेल्या-गेलेल्यांना. इतक्यांदा म्हणाली की ते खरं असल्यासारखं गुळगुळीत झालं. पण वरण गाळून वाढायला तिनं कधी सुरुवात केली? तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाडव्याच्या सुमाराला एके दिवशी तिनं वरण गाळणीतून गाळलं, भात बोटांनी कालवून मऊ केला, दुधी किसून शिजवला आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ताटाकडं पाहिलं. हे असं का, असं विचारलं नाही. जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या उन्हाळ्यात घरात रोज आमरस झाला, कारण रस उतरायचा. दोघं समोरासमोर बसून जेवायची, बातम्या चालू असायच्या, तिचे कान त्याच्या घशाकडं लागलेले असायचे आणि हात पोळी मोडत असायचे. रात्री तो उशी उंच करून झोपायचा. तिनं आपणहून दुसरी उशी आणून ठेवली. एवढं सगळं केलं, फक्त तोंड उघडलं नाही. क्लासमध्ये मात्र गोपाळबद्दल बोलायची. गोपाळला धीर द्यायची, गोपाळसाठी पत्ते काढायची, एकदा तर गोपाळबद्दल ती अर्धा तास बोलत राहिली आणि बायका म्हणाल्या, दीदी कितनी डूबकर पढ़ती हैं. गोपाळ होता तोवर आजार गोपाळला होता. देवासला होता. मध्ये चाळीस किलोमीटरचा रस्ता होता.

वैशाखाच्या शेवटी त्याला पाणीही जाईना, तेव्हा इंदूरला नेलं. तरुण डॉक्टरनं फोटो दिव्यासमोर धरला, खाली ठेवला, आणि सुलूला विचारलं, “इतने महीने आपने ध्यान नहीं दिया?” रागानं नाही, दमल्या आवाजात. ती तोंड उघडणार तेवढ्यात शैलेंद्रच बोलला. घोगऱ्या, अर्ध्या आवाजात. “इनको कुछ नहीं मालूम था, डॉक्टर साहब. मैंने बताया ही नहीं.” आणि तिनं ते तसंच राहू दिलं. त्याच्या त्या खोटेपणाच्या आडोशाला ती नंतरचे सगळे दिवस उभी राहिली. दवाखान्यातल्या बायका म्हणायच्या, बघा, बायकोला त्रास नको म्हणून एकट्यानं सोसलं. ती मान खाली घालायची. एका दुपारी, नळी घातलेली होती, बोलायला डॉक्टरांनी मना केलं होतं, तेव्हा त्यानं तिला खुणेनं जवळ बोलावलं. तिला वाटलं पाणी हवंय. तो म्हणाला, “गोपाळची बायको कशी आहे गं?” सुलूनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले. “बरी आहे,” म्हणाली. त्यानं डोळे मिटून घेतले. त्या दोघांत या विषयावर झालेलं बोलणं ते एवढंच. एका श्रावणी सोमवारी तो गेला. देवाच्या सवारीमुळं रस्ते बंद होते, घरी आणायला उशीर झाला.

“…तो मैंने आपके गोपालजी को याद किया,” निहारिका सांगत होती. तीन बत्ती चौकात रिक्षा पुन्हा अडली होती. सुलूनं आधीचं ऐकलं नव्हतं. “किसके लिए?” तिनं विचारलं. “वही, आगर वाले भैया के लिए,” निहारिका म्हणाली. आगर गावचा एक टेंट हाउसवाला, लग्नाचे मांडव घालणारा, गेल्या आठवड्यात आला होता. चांगला धिप्पाड माणूस, खोलीत बसल्याबसल्या रडायला लागला. तपासणीत काहीतरी निघालं होतं, काय ते त्यानं नीट सांगितलं नाही. एवढंच विचारलं की घरी बायकोला सांगू का. पत्ते काही धड येत नव्हते. एक म्हणतोय सांग, एक म्हणतोय नको. “मैं तो घबरा गई थी दीदी. फिर सोचा, गोपालजी के टाइम मैंने क्या कहा था? वही बोल दिया. मत बताइए, पहले खुद संभलिए.” ती सुलूच्या हातावर हात ठेवून हसली. “और देखिए, आज आपने भी बता दिया, गोपालजी ठीक हो गए. मेरी तो जान में जान आई.”

सुलूच्या हातावर तो हात तसाच होता. गरम, किंचित घामट, नेलपॉलिश निघालेला, कुणाचं वाईट न चिंतणारा. आपण स्टँडवर दोन शब्द बोललो. अब ठीक हैं. चार घटका एका नसलेल्या माणसाला जिवंत बघायची हौस, दुसरं काय. आणि ते दोन शब्द आता आगरला गेलेल्या त्या सल्ल्याला टेकू देत होते, एका धिप्पाड माणसाच्या जेवणाच्या ताटाशी जाऊन बसले होते. गप्प राहावं, असं अजूनही वाटत होतं. टॉवर येईल, उतरू, कधीतरी घरी ये म्हणू. या मुलीला तरी कशाला सांगायचं, हिला सहन होणार नाही. हे मनात आलं, आणि ते कुणाचं वाक्य आहे हे सुलूला कळलं. तिनं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

फुटपाथवर दोघी उभ्या राहिल्या. मागं एका दुकानात स्वेटरांचे ढीग लागले होते, बायका अंगाला लावून बघत होत्या. “क्या हुआ दीदी, तबीयत?” निहारिकानं विचारलं.

“गोपाल मेरे मिस्टर थे,” सुलू म्हणाली. “सावन में गए.”

निहारिकाला आधी अर्थच लागला नाही. ती हसरं तोंड तसंच ठेवून बघत राहिली. मग तोंड हळूहळू मिटलं. “पर दीदी, वो तो प्रॅक्टिस था,” ती म्हणाली. “आपने ही तो बनाया था उनको. आपने कभी बोला नहीं.”

“हां. मैंने नहीं बोला.”

“मुझसे गलती हो गई?”

“तुमने पत्ता पढ़ा,” सुलू म्हणाली. “मुझे तो मालूम था.”

हे वाक्य तिनं आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. ते बाहेर पडलं आणि काहीच झालं नाही. स्वेटर विकणारा भाव सांगत होता. निहारिका मात्र रडायला लागली, लहान मुलांसारखी, नाक ओढत. सुलूला तिची दया आली नाही आणि रागही आला नाही. “उस आगरवाले को फोन लगाओ,” ती म्हणाली. “अभी.”

“क्या बोलूं मैं?”

“लगाओ तो.”

निहारिकानं नंबर शोधला. रिंग बराच वेळ वाजली, आणि उचलला गेला तेव्हा तिनं दचकून फोन कानापासून दूर धरला. “लेडीज है,” ती कुजबुजली, “वाइफ होगी,” आणि निखारा द्यावा तसा फोन सुलूच्या हातात दिला.

“कौन?” पलीकडून बाईचा आवाज आला. खणखणीत, कामात असलेला. मागं कुकर फुसफुसत होता. सुलूनं विचारलं, वो हैं घर में? “बाहर खटिया पर बैठे हैं. आप कौन?” त्या माणसाचं नावसुद्धा सुलूला ठाऊक नव्हतं, आजार ठाऊक नव्हता. तो सांगायचा हक्क त्याचा होता, तिचा नव्हता. ती शब्द जुळवत सावकाश म्हणाली, “मैं उज्जैन से बोल रही हूं. वो इधर आए थे, एक बात पूछने. उनको जो जवाब दिया था, वो गलत था. बस इतना उनको बोल दीजिए.”

“कौन सी बात?”

“वो आप उनसे पूछिए.”

“मैं क्या पूछूं उनसे?” बाई म्हणाली. सुरुवात चिडून केली होती तिनं, पण शेवटाशी आवाज बारीक झाला. सुलूनं तो बारीकपणा ओळखला. गेलं अख्खं वर्ष तो तिच्या स्वतःच्या घशात होता.

“आपको मालूम है,” सुलू म्हणाली.

सुलूला वाटलं, आता ही फोन ठेवणार. निहारिका तोंडावर ओढणी दाबून तिच्याकडं बघत होती. कुकरची एक शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा खट् असा आवाज आला, पावलं वाजली, आणि बाई अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “रुकिए, रखना मत. मैं जरा दरवाजा लगा लूं.”